भाव पडतो, देणे पडत नाही

(कापूस-ज्वारी पट्ट्यातील जिल्हा कार्यकर्त्यांच्या नवी मुंबई येथील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचण्यासाठी.)



यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वर्धा, जळगाव, परभणी अशा ठिकाणांहून तुम्ही रात्रभर गाडीत बसून इथे आलात. डोळ्यांवर झोप आहे हे आम्हाला दिसते. म्हणून मोठ्या सिद्धांतापासून सुरवात न करता एका इमारतीपासून करतो.

या नवी मुंबईत, बेलापूरला, 'कापूस भवन' नावाची इमारत आहे. भारतीय कापूस महामंडळाचे मुख्य कार्यालय तिथे आहे. त्या इमारतीपासून कुठल्याही दिशेने वीस कोस चालत जा, पऱ्हाटीचे शेत लागायचे नाही. खाडी लागेल, भाताची खाचरे लागतील, मिठागरे लागतील. आणखी थोडे दक्षिणेला गेलात तर न्हावाशेवा बंदर लागेल. तिथून आपल्या रुईच्या गाठी परदेशी जातात आणि परदेशच्या गाठी देशात उतरतात. कापूस पिकतो तिकडे तुमच्या काळ्या रानात. त्याचा हिशेब होतो इकडे खाडीकाठी. आणि भाव ठरतो तो इकडेही नाही, समुद्रापलीकडे.

गाडीत एका भावाने आम्हाला विचारले, "भाऊ, अमेरिकेत पीक चांगले आले की आमच्या गावात भाव का पडतो? त्यांचा पाऊस आणि आमचा पाऊस एक आहे का?" आजचे सगळे भाषण म्हणजे या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी एक आकडा ऐका. २०२२ चा जागतिक विषमता अहवाल सांगतो की, जगातल्या वरच्या दहा टक्के माणसांच्या हाती जगाची ७६ टक्के संपत्ती आहे. खालच्या निम्म्या माणसांच्या वाट्याला येते २ टक्के. म्हणजे शंभर माणसांच्या पंगतीत शंभर भाकरी आल्या. दहा जणांनी शहात्तर घेतल्या आणि पन्नास जणांना मिळून दोन दिल्या. आपला देशही यात मागे नाही. २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्क्याकडे देशाची ४० टक्के संपत्ती होती, असा अंदाज अभ्यासकांनी २०२४ मध्ये मांडला.

आम्हाला शाळेत शिकवले की, काही देश श्रीमंत झाले कारण तिथली माणसे मेहनती आणि हुशार. मग वऱ्हाडातली बाई भल्या सकाळी वेचायला जाते, कापसाच्या बोंडाने बोटे फाटून घेते, ती आळशी आहे काय? ही विषमता मेहनतीतून आली नाही. ती नियमांतून आली. तो नियम एका ओळीत सांगतो: भाव पडतो, देणे पडत नाही. चढ एकाच्या घरी जातो, उतार दुसऱ्याच्या घरी येतो. उतार नेहमी कोणाच्या घरी यावा हे ज्यांनी ठरवले, ते श्रीमंत झाले.

आमची चूक

दुसऱ्यांना दोष देण्याआधी आमचा दोष सांगतो. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. पदवी घेऊन बाहेर पडलो तेव्हा डोक्यात एकच मंत्र होता: एकरी उत्पादन वाढवा, गरिबी हटेल. २००१ साली एका गावात आम्ही हाच मंत्र सांगत फिरत होतो. एका शेतकऱ्याने आमचे ऐकले. चांगले बियाणे, वेळेवर खत, ठरल्या वेळी फवारणी, डवऱ्याचे चार फेर. पैसा कर्जाचा होता. पीक असे आले की, गाव बघायला आले. आम्ही त्या शेतात उभे राहून फोटो काढला.

त्या हंगामात जगाच्या बाजारात रुईचा भाव जवळपास तीस वर्षांतल्या तळाला गेला होता. हे आम्हाला माहीतच नव्हते. शेतकी कॉलेजात बोंडअळीचे जीवनचक्र शिकवले होते, भावाचे शिकवले नव्हते. शेतकऱ्याच्या घरात कापूस दीडपट आला आणि पैसा कमी आला. कर्जाचा हप्ता मात्र कागदावर लिहिला होता तेवढाच राहिला. पुढच्या उन्हाळ्यात त्याने बैलजोडी विकली. आम्हाला तो एवढेच म्हणाला, "साहेब, पीक तुम्ही सांगितले तसे आले." त्या वाक्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. त्या दिवसापासून आम्ही शेतीच्या पुस्तकांबरोबर इतिहासाची आणि व्यापाराची पुस्तके वाचायला लागलो.

लिव्हरपूलच्या पाटीवर अमरावती

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारने आपल्या ताब्यात घेतले. कारण काय, तर निजामावर फौजेच्या खर्चाचे कर्ज थकले होते. देणे निजामाचे आणि गहाण पडली तुमच्या पणजोबांची जमीन. पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि वर्धा, हिंगणघाटही त्यांच्याकडे गेले. १९०२ साली वऱ्हाडचा कायमचा पट्टा झाला, वर्षाला २५ लाख रुपये खंडाने. या व्यवहारात वऱ्हाडच्या एकाही कुणब्याला कुणी विचारले नाही.

कंपनीला वऱ्हाड कशाला हवे होते? कापसाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना रुई लागायची आणि ती मुख्यतः अमेरिकेतून, गुलामांच्या कष्टातून यायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली. गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर आपल्याकडे वळली. आपल्या कापसाचा भाव तिपटी-चौपटीने चढला. लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' आणि 'हिंगणघाट' अशा नावांनी कापूस विकला जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. आपल्या गावांची नावे सातासमुद्रापार पोचली. गावे होती तिथेच राहिली.

त्या चार वर्षांत मुंबई वेडी झाली. कापसाच्या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपयांचा शेअर मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकला जात होता. मग एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस परत बाजारात येणार, म्हणून भाव कोसळला. मुंबईत दिवाळी निघाली आणि बँक ऑफ बॉम्बे बुडाली.

पण मुंबईच्या बुडालेल्यांकडे दिवाळे काढायचा मार्ग होता. शेतकऱ्याकडे कोणता होता? त्याने चढत्या भावाच्या भरवशावर विहीर खणली होती, बैल घेतले होते, लग्न केले होते, ज्वारीचे रान मोडून कपाशी लावली होती. सावकाराने चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज दिले होते. आणि सरकारने काय केले? पुणे जिल्ह्यात इंदापूरसारख्या कोरडवाहू तालुक्यांत १८६७ पासून जमिनीची फेरपाहणी केली आणि शेतसाऱ्यात मोठी वाढ केली. ही वाढ तीस वर्षांसाठी होती. तेजीचा भाव टिकला चार वर्षे, तेजीचा सारा बसला तीस वर्षे.

इथे तो नियम उघडा दिसतो. भाव पडला, देणे पडले नाही.

पहिला हमीभाव कोणाला?

आपण हमीभाव मागितला की, दिल्ली-मुंबईचे अर्थशास्त्री म्हणतात, बाजारात असा हस्तक्षेप चालत नाही. भावांनो, या देशात मोठ्या प्रमाणावर हमी दिली गेली ती दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी. ती ज्वारीला दिली नाही, कापसाला दिली नाही. ती रेल्वेच्या शेअरला दिली.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेशी १८४९ साली करार झाला. भागधारक इंग्लंडात. त्यांना सांगितले, तुमच्या भांडवलावर पाच टक्के व्याज नक्की मिळेल. गाडी फायद्यात चालो न चालो, कमी पडेल ते हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरू. तिजोरीत पैसा कुणाचा? शेतसाऱ्याचा. म्हणजे इंदापूरच्या कुणब्याचे पीक बुडाले तरी त्याने सारा भरायचा, आणि त्या साऱ्यातून लंडनच्या भागधारकाचे पाच टक्के भागवायचे.

रेल्वे वाईट नव्हे. आपण सगळे आज रेल्वेनेच आलो. पण ती कोणत्या रस्त्याने नेली ते बघा. १८६७ पर्यंत गाडी नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबहून खामगावच्या कापूसबाजाराला फाटा निघाला, मग बडनेऱ्याहून अमरावतीला. यवतमाळ-मूर्तिजापूरची आपली शकुंतला विसाव्या शतकात एका ब्रिटिश कंपनीने घातली, तीही कापसासाठीच. सगळे रूळ जिनिंगपासून बंदराकडे धावतात. रुई सुटसुटीत जावी आणि कापड सुटसुटीत यावे, असे त्यांचे नकाशे होते.

आता त्याहून बारीक गोष्ट सांगतो. नीट ऐका, कारण संपत्ती कशी वाहून गेली याचे गुपित इथे आहे. लंडनला भारतमंत्री बसे. त्याला दरवर्षी तिथे पौंड लागत: परत गेलेल्या साहेबांची पेन्शने, कर्जावरचे व्याज, रेल्वेची हमी, लष्कराचा खर्च. हे पौंड उभे करायला तो लंडनच्या बाजारात हुंड्या विकत असे. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला कापूस हवा असला की, तो भारतमंत्र्याला पौंड देई आणि हुंडी घेई. ती हुंडी इकडच्या सरकारी तिजोरीत वटे आणि रुपये मिळत. ते रुपये म्हणजे आपण भरलेला महसूल. त्याच रुपयांनी आपला कापूस खरेदी होई. पौंड लंडनलाच राहिले. कापूस इंग्लंडला गेला. आणि आपल्या हातात आले ते आपणच भरलेले रुपये! आपला माल आपल्याच पैशाने विकत घेण्याची ही युक्ती होती.

दादाभाई नौरोजींनी १८६७ पासून हे वाहून जाणे आकड्यांत मांडले. १९०१ साली त्यांचे मोठे पुस्तक निघाले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यात साऱ्याचा बोजा, कोर्टकचेऱ्यांचा जाच आणि अधिकारी मंडळींची लूट शेतकऱ्याच्या बाजूने सांगितली. दोघांचे सांगणे एकत्र वाचले तर चित्र पुरे होते. एकाने देशाबाहेरची गळती दाखवली, दुसऱ्याने देशातल्या देशात गळती कुठून सुरू होते ते दाखवले.

अर्थशास्त्राचे इतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजाने १७०० च्या सुमारास जगाच्या उत्पन्नात हिंदुस्थानचा वाटा जवळपास २४ टक्के होता. १९५० साली तो ४ टक्क्यांच्या आसपास उरला. इतरांचे कारखाने वाढले हे त्याचे एक कारण. पण आपले कारखाने का वाढले नाहीत? १८८२ साली मँचेस्टरच्या कापडावरची आयात जकात काढून टाकली. तिजोरीला पैसा हवा म्हणून पुढे जकात लावावी लागली, तर १८९६ साली तेवढीच, साडेतीन टक्के, पट्टी आपल्या देशी गिरण्यांच्या कापडावरही बसवली. का, तर मँचेस्टरला त्रास नको. ती पट्टी जायला १९२६ साल उजाडले.

खते जाळली, नियम उरला

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. सावकारांची घरे-दुकाने फोडली, कर्जखते जाळली. लोण पुणे-नगरच्या गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला.

त्या माणसांचा राग खरा होता. सावकाराचे व्याजही खरे होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. जो हाताशी होता त्याचे कागद जळले. ज्याने सारा वाढवला, ज्याने भाव ठरवला, ज्याने हुंड्या विकल्या, तो हजारो कोसांवर सुरक्षित बसला होता. आजही तसेच होते. भाव पडला की, आपण अडत्याशी भांडतो, शेजारच्या जातीशी भांडतो, दुसऱ्या राज्याच्या शेतकऱ्याशी भांडतो. अडत्याचा काटा तपासलाच पाहिजे. पण काट्यात जाते ते किलोत, आणि नियमात जाते ते क्विंटलात.

ज्वारीचेही तेच. पूर्वी गावागावांत पेवे असत. एका सालाची ज्वारी दुसऱ्या सालाला पुरे. कापसाचा आणि धान्याचा बाजार आला, सारा रोखीत भरायचा म्हणून पेवातले धान्यही बाजारात गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पडले तेव्हा वऱ्हाडात रेल्वे होती. धान्य आणता येत होते. पण विकत घ्यायला मजुराच्या हातात दाम नव्हता. माणसे स्टेशनजवळही उपाशी मेली. म्हणून आम्ही म्हणतो, कपाशी लावा, पण घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती ज्वारी सोडू नका. पेव भरलेले असले म्हणजे माणूस बाजारात 'थांबतो' म्हणू शकतो.

साहेब गेला, नियम राहिला

ही फक्त आपली रड नाही. कॅरिबियन समुद्रात हैती नावाचा छोटा देश आहे. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे आणून उभी केली आणि सांगितले, आमच्या मळेवाल्यांचे नुकसान झाले, पंधरा कोटी फ्रँक भरा, तरच मान्यता देऊ. म्हणजे गुलामाने आपल्याच सुटकेची किंमत मालकाला द्यायची. पुढे ती रक्कम नऊ कोटींवर आली. पण ती फेडायला कर्ज काढावे लागले आणि त्याची फेड १९४७ पर्यंत चालली. १९९४ मध्ये अमेरिकी फौजा हैतीत उतरल्या, आणि पाठोपाठ भातावरची आयात जकात अगदी नाममात्र केली गेली. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आला, हैतीचा भातशेतकरी उठला. २०१० साली माजी अध्यक्ष क्लिंटन यांनी ही आपली चूक होती असे जाहीरपणे कबूल केले. कबुलीने भातशेती परत येत नाही.

आफ्रिकेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश आहेत. सगळे पूर्वी फ्रान्सच्या अमलाखाली होते. तिथला शेतकरी आपल्यासारखाच, पावसावर कापूस काढणारा. आम्ही ज्या २००१ सालच्या भावाची गोष्ट सांगितली, त्या हंगामात अमेरिकेने आपल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना तीन अब्ज डॉलरच्या आसपास मदत दिली. त्यांचा भाव पडला तरी त्यांचे उत्पन्न पडले नाही. म्हणून त्यांनी पेरा कमी केला नाही, माल जगाच्या बाजारात ओतला, आणि उतार यवतमाळला व मालीला आला. २००३ मध्ये या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत आवाज उठवला. ब्राझीलने त्याआधीच तक्रार केली होती. २००५ मध्ये तो खटला जिंकला. मग अमेरिकेने अनुदान बंद केले का? नाही. २०१० पासून ब्राझीललाच वर्षाला १४.७ कोटी डॉलर देऊ केले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ज्याच्याकडे वकील होते त्याला भरपाई मिळाली. मालीला नाही, आपल्यालाही नाही.

टेक्ससचा शेतकरी आपला वैरी नाही. त्याच्या सरकारने त्याला उतारापासून वाचवले. आमचा प्रश्न आमच्या सरकारला आहे.

कारण भावांनो, आपले सरकार याच्या उलट वागत आले. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात भाव जास्त असे तेव्हा आपल्याच शेतकऱ्याच्या गाड्या सीमेवर अडवल्या जात. एप्रिल २०१० मध्ये जगात कापूस चढू लागला, निर्यात रोखली. मार्च २०१२ मध्ये पुन्हा निर्यातबंदी. म्हणजे चढाच्या वेळी दार बंद. २०२१ मध्ये आयातीवर ११ टक्के शुल्क लावले. २०२२ मध्ये भाव वर गेले तेव्हा काही महिने ते काढले. आणि २०२५ चा ऑगस्ट आठवा. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. आपल्या कापडवाल्यांना फटका बसणार, त्यांना स्वस्त रुई मिळावी म्हणून १९ ऑगस्टपासून आयात शुल्क माफ झाले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नेमके आपल्या वेचणीच्या दिवसांत. पऱ्हाटी तेव्हा पात्या-फुलांवर उभी होती. पेरताना शेतकऱ्याने ११ टक्के शुल्क धरून हिशेब केला होता. अमेरिकेने कर लावला कापडावर, त्याचा उतार उतरला पऱ्हाटीवर. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर होता. खुल्या बाजारात कितीला दिला ते तुम्ही आम्हाला सांगा.

२०१८ मध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने दिल्लीच्या एका संस्थेबरोबर आपल्या शेतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१६ या काळात धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याचे त्याच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी १४ टक्के नुकसान होत होते, असा त्याचा निष्कर्ष होता. अनुदाने मोजूनसुद्धा! इंग्रज जाऊन सत्तर वर्षे झाली होती.

आता सदऱ्याचा हिशेब करू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी सरकी. सूत, विणाई यांतली घट जाऊन पाव किलोचे शंभरेक सदरे होतात. ८,११० च्या भावाने एका सदऱ्यामागे कापसाचे ८१ रुपये पडले. वर सरकी, तेल आणि ढेप वेगळी. दुकानात त्या सदऱ्याची चिठ्ठी बघा. विणणाऱ्याला, शिवणाऱ्या बाईला तिची मजुरी मिळालीच पाहिजे. तीही आपल्यासारखीच तळाला आहे. पण बाकीचा पैसा जिथे थांबतो तिथे बोंडअळी जात नाही आणि पावसाचा खंड पडत नाही.

या भूमीचा धडा

ही सभा आपण नवी मुंबईत का घेतली? स्वस्तात हॉल मिळाला म्हणून नव्हे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घ्यायचे ठरले. आगरी, कोळी शेतकऱ्यांची भातशेती, मिठागरे गेली. जमिनीला एकदाच ठरावीक मोल द्यायचे, आणि तिच्यावर शहर उभे राहून भाव चढला की तो चढ दुसऱ्याचा. कापसाचीच गोष्ट! पण इथला शेतकरी दि. बा. पाटलांच्या मागे उभा राहिला. जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा आणि परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. सगळ्यांना सगळे मिळाले असे नाही. तक्रारी पुष्कळ राहिल्या. पण तत्त्व मोठे आहे. त्यांनी नुसता जास्त भाव मागितला नाही. चढात वाटा मागितला.

आपणही तेच शिकून जायचे आहे. आमची तीन मागणी-सूत्रे आहेत, गावात जाऊन यांच्यावर बोला.

पहिले: पेरणीआधी जो नियम, तोच वेचणी संपेपर्यंत. आयात शुल्क, निर्यात, साठ्याची मर्यादा, जे काय बदलायचे ते मे महिन्याआधी जाहीर करा. पीक उभे असताना खेळाचे नियम बदलायचे नाहीत.

दुसरे: देणे भावाला बांधा. सरकारच्या निर्णयाने भाव हमीभावाखाली गेला तर पीककर्जाचा हप्ता त्या प्रमाणात खाली आला पाहिजे. रेल्वेच्या भागधारकाला पाच टक्क्यांची हमी देता आली, तर हे जमणार नाही असे कोणी सांगू नये. ही दया नव्हे, कर्जमाफीची भीकही नव्हे. ज्याने उतार आणला त्याने उतार वाटून घ्यायचा, एवढेच.

तिसरे काम सरकारचे नाही, आपले आहे. प्रत्येक गावात एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कापूस विकला, किती ओलावा लावला, किती कट्टी कापली, काय भाव मिळाला, आणि त्या आठवड्यात दिल्लीने कोणता आदेश काढला. काटापट्टी वहीला टाचा. मायबहिणींनी वेचणीची मजुरी लिहावी. दादाभाईंची ताकद कशात होती? ते साहेबांच्याच कागदांतले आकडे साहेबांपुढे ठेवत. १८७५ मध्ये आपल्या माणसांनी कागद जाळले, कारण कागद सगळे समोरच्याकडे होते. आता कागद आपल्याकडे पाहिजेत.

गाडीतल्या त्या भावाला आमचे उत्तर असे: त्यांचा पाऊस आणि आपला पाऊस एक नाही. बाजार मात्र एक केला आहे. त्यांच्या डोक्यावर छत्री आहे आणि आपली छत्री आपल्याच माणसांनी काढून घेतली आहे. छत्री मागायला आलो आहोत, तर ती कोणाच्या साऱ्यातून शिवली गेली हेही ठणकावून सांगू.

उद्या सकाळी बेलापूरला जाऊन कापूस भवन बघा. बाहेरून का होईना, बघा. मग परत जा, हंगामाच्या पहिल्या वेचणीपासून वही सुरू करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना हात हलवत येऊ नका, वही घेऊन या.